घसरणीची शिकवणी

गच्चीवरच्या बिबड्या साडेअकराला कडक झाल्या.
कूलरचं गवत भिजवलं, वही घेतली, फोन लावला.
पलीकडे मनवर सिंह, जोशीमठाच्याही वर कुठेतरी.
त्याच्या आवाजामागे सूं सूं होती. पंखा का हो, मी विचारलं.
वारा आहे, म्हणाला.
भुसावळचा वारा त्या वेळी दाराच्या फटीत
तापलेली सांडशी खुपसून बसला होता.

एकतीस वर्षं मी आरक्षणाच्या खिडकीच्या आत होते.
जम्मू, हरिद्वार, काठगोदाम,
लोकांच्या थंडीची तिकिटं मी फाडली,
स्वेटरांच्या पिशव्या काउंटरखालून पाहिल्या.
आज खिडकीबाहेर उभी आहे तर
सुटे पैसे हातात धरल्यासारखी बोलतेय.
जानेवारीतलं कन्फर्म आहे, की वेटिंग?
तो हसला. बर्फच वेटिंगवर असतो, मॅडम.

वहीत दोन रकाने.
सात दिवसांचा वर्ग, दहा जणांत एक शिक्षक.
किंवा तीन दिवस, आम्हा दोघांनाच एक, पैसे जवळपास दुप्पट.
दुसऱ्या रकान्यावर मी बरोबरची खूण केली होती,
कारण इंजिनाच्या भोंग्याने यांचा डावा कान नेला आहे
आणि दहा जणांत हे मान डोलावतील फक्त.

वय? त्रेसष्ट आणि साठ.
वजन? फेगड्यांच्या वखारीत करून आणलंय, केळीच्या काट्यावर.
हमाल म्हणे, काकू, क्रेट वजा करू का?
पायाचं माप वर्तमानपत्रावर, वधू-वरांच्या पानावर,
पेन्सिलीने गिरवलेलं.
यांचा अंगठा एका सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष मुलीपर्यंत गेला.
याआधी बर्फ पाहिलाय?
पाहिलाय ना. लग्नात मठ्ठ्यासाठी येतो तो,
लादीचा, भुशात गुंडाळलेला, कडेला गोणपाटाचे धागे.

तेवढ्यात दिवाणावरून हे ओरडले,
"त्याले इचार व, ब्रेक कठी असतो?"

ब्रेक नसतो, मनवर सिंह म्हणाला.
पायांची टोकं आत, टाचा बाहेर, गुडघे सैल.
पहिला दिवस आम्ही चालायला शिकवतच नाही,
थांबायलाच शिकवतो.

मी फोन त्यांच्या उजव्या कानाला लावला.
पुन्हा सांगा, म्हणाले.
त्याने पुन्हा सांगितलं.

ह्या माणसाने मालगाड्या चालवल्या, अठ्ठावन्न डब्यांच्या.
तापीच्या पुलाअलीकडे एकदा
पूर्ण ब्रेक लावूनही गाडी पाऊण किलोमीटर गेली होती.
चौकशीत ते निर्दोष सुटले.
त्यानंतर आमच्या घरी
बाहेरून आल्यावर चपला कुणी घसटत आणत नाही.
एवढंच.

आता ते उठून उभे राहिले, लुंगी वर खोचली.
शहाबादी फरशीवर टोकं आत, टाचा बाहेर.
गुडघे कटकन वाजले. तिथेच थांबले,
दिवाणापासून दीड हातावर,
आणि माझ्याकडे असे बघायला लागले
जसं स्टेशन आलंय.

मी दुसऱ्या रकान्यावरची खूण खोडली.
सात दिवसांचाच घेते, म्हटलं, दहा जणांतला.
फक्त एक विचारायचं होतं मनवर सिंह,
पहिल्या दिवसाचा तास
दुसऱ्या दिवशीही बसता येईल का?

पलीकडे पुन्हा सूं सूं.
बैठो जी, म्हणाला, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आगाऊ रक्कम पाठवली. पावती आली,
तिच्यावर यांचं आडनाव भारंबेऐवजी भरांबे.
खिडकीत असते तर मी दुरुस्त करून दिलं असतं.
हे अजून फरशीवरच. टाचा बाहेर.
मी बिबड्या उलटायला वर गेले,
गच्ची अशी तापलेली की पाय ठेवताना
आपोआप चवड्यांवर आले.